देवघरातला कॉम्प्युटर

नागापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैजनाथ,

तुझ्या कानाच्या मशीनमुळे फोनवर नुसती शिट्टी ऐकू येते आणि मग आपण दोघंही ओरडतो, म्हणून लिहितो आहे. आपला टेम्पो रोज सुप्याला जातोच. सूर्यभान ड्रायव्हर तुझ्या दारावरूनच फॅक्टरीत जातो. तो पाकीट देईल आणि तुझं उत्तर घेऊन येईल. पाकीट पाहून गोजरवहिनींनी आहेराची तयारी करू नये, लग्न कुणाचंही नाही.

काम असं आहे. तू आयुष्यभर कॉलेजात मुलांना हिशोब शिकवलास, तेव्हा तुझं मत हवं. आमच्या वर्कशॉपच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर सध्या आपल्याच कॉम्प्युटरवर आहे. सगळं आपल्या घरात, कुलपाच्या आत. आमच्या सूनबाईचं, म्हणजे आरतीचं, म्हणणं आहे की ते क्लाउडवर न्यावं. म्हणजे हिशोब कुठल्या तरी कंपनीच्या लांबच्या मशीनवर राहणार आणि आपण इंटरनेटवरून तो कुठूनही उघडायचा. त्याचं महिन्याचं भाडं द्यायचं. स्वतःचं घर असताना भाड्यानं कशाला राहायचं, हे मला कळत नाही.

विषय निघाला तो असा. जीएसटीचं विक्रीचं रिटर्न महिन्याच्या अकरा तारखेच्या आत भरावं लागतं. गेले दोन महिने ते उशिरा गेलं. ते गेल्याशिवाय सुप्याच्या फॅक्टरीला त्यांच्या कराची वजावट मिळत नाही. त्यांच्या खरेदीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून, चहा देऊन सांगितलं की असंच चाललं तर पावडर कोटिंगचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. चहा चांगला होता. फॅक्टरी गेली तर पावडरीचा रंग भाजायची आमची भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटेल.

उशीर का होतो म्हणशील, तर तांत्रिक अडचण.

तेव्हा दोन वाटा आहेत. एक आरतीची, क्लाउडची. दुसरी म्हणजे माझा भाचा हर्षल बी.कॉम. होऊन घरीच बसला आहे, हिशोब त्याच्याकडे द्यायचा आणि कॉम्प्युटर आहे तिथेच ठेवायचा. आरती कामाला पक्की आहे, तुझीच विद्यार्थिनी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अडचणीला ती तरी काय करणार? तू निःपक्षपातीपणे सांग. तू सांगशील तेच करीन, असं मी घरात सगळ्यांसमोर बोलून बसलो आहे.

तुझा
श्रीमंत


सुपा,
१४ फेब्रुवारी

प्रिय श्रीमंत,

पत्र मिळालं. गोजरनं आहेराचं विचारलंच.

मत द्यायला माझी ना नाही, पण ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर मी पेपर तपासताना कधी मान्य केलं नाही. कॉम्प्युटर नेमका ठेवला आहे कुठे? तो बंद पडतो की चालू असून चालत नाही? आणि कोणकोणत्या दिवशी काम बंद होतं? कुठल्या दिवशी नोंदी झाल्या आणि कुठल्या दिवशी झाल्या नाहीत, हे सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. गेल्या वर्षभराचं ते पान छापून पाठव. आजार कळल्याशिवाय गोळी द्यायला मी काही आपल्या गावचा कंपाउंडर नाही.

आरतीला माझा आशीर्वाद सांग. ताळेबंद जुळला नाही की ती डबाही उघडायची नाही. असा विद्यार्थी दहा वर्षांत एखादा मिळतो. त्या मुलीकडून हिशोब काढून घेण्याआधी कारण भक्कम हवं, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

वैजनाथ


नागापूर,
१७ फेब्रुवारी

प्रिय वैजनाथ,

कॉम्प्युटर देवघरात आहे.

हसू नकोस. आधी तो वर्कशॉपच्या केबिनमध्ये होता. पावडर कोटिंगची धूळ कशी असते ते तुला ठाऊक आहे. पहिला कॉम्प्युटर निळ्या पावडरीनं गेला, दुसरा करड्या. तिसरा घेतला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो. वह्या आता नाहीत म्हणून कॉम्प्युटर घरी आणून देवघरात पुजला. हळद-कुंकू लावलं, पडद्यावर गंधाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी परत न्यायचा होता, पण त्याच दिवशी सुप्याच्या फॅक्टरीचा पहिला फोन आला. मग म्हटलं राहू दे. त्याला आता सव्वा वर्ष झालं. एकदाही बिघडला नाही.

आणि जागाही रास्त आहे. घरात इन्व्हर्टरची लाइन फक्त देवघराला आहे, कारण देवापुढचा दिवा जाऊ नये असा आमच्या सौ. लंकाचा नेम. तिथे धूळ नाही, चपला नाहीत, टीव्ही नाही आणि नातवंडांना मज्जाव आहे. मोठमोठ्या कंपन्या कॉम्प्युटरसाठी अशीच खोली बांधतात, असं मी पेपरात वाचलं आहे. आरती सकाळी आंघोळ करून तिथे बसते, दुपारपर्यंत काम संपवते. एकदा बसली की चुकत नाही.

तू मागितलेलं पान सोबत आहे. मी ते बघितलेलं नाही.

श्रीमंत


सुपा,
२० फेब्रुवारी

प्रिय श्रीमंत,

पान पाहिलं आणि सेवानिवृत्तीनंतर पहिल्यांदा मन लावून काही केलं. प्रत्येक खाड्यावर लाल खूण केली आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. गोजर म्हणाली, काय शोधताय? मी म्हटलं, तुला कळायचं नाही.

तर निष्कर्ष. तुमचं काम वाटेल तेव्हा बंद पडत नाही, ठरावीक वेळानंच बंद पडतं. साधारण दर अठ्ठावीस दिवसांनी, कधी एक-दोन दिवस इकडेतिकडे, सलग चार दिवस शुकशुकाट. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू. इतका नियमित बिघाड मशीनमध्ये नसतो. आधी मला विजेची शंका आली, पण इन्व्हर्टर आहे म्हणतोस. मग अमावास्या ताडून पाहिल्या, त्याही जुळत नाहीत.

काल मोबाइलवर मेसेज आला आणि डोक्यात प्रकाश पडला. श्रीमंत, मोबाइलचा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा असतो. तुमचं नेट रिचार्जवर चालतं. तो संपतो आणि तू चार दिवस भरत नाहीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आता प्रश्न सोपा झाला. महिन्यात चार दिवस ज्याच्याकडे नेट नाही, त्यानं क्लाउडवर जाणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. आज निदान नोंदी तरी घरच्या मशीनवर करता येतात, मग त्या दिवसांत त्याही का होत नाहीत हे एक कोडंच आहे. क्लाउडवर गेलास तर तेही दार बंद. तेव्हा माझं मत लोकलला. कॉम्प्युटर आहे तिथेच असू दे आणि रिचार्ज वर्षाचा मार. हर्षलची गरज मला दिसत नाही.

वैजनाथ


नागापूर,
२२ फेब्रुवारी

प्रिय वैजनाथ,

अगदी बरोबर ओळखलंस. रिचार्जच. तुझ्या बुद्धीला तोड नाही.

तुझं पत्र काल दुपारी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मुलगा राम म्हणाला, अण्णा म्हणतील तसं. तो भट्टीचं टेम्परेचर सोडून कशातही मत देत नाही. आरती ताटाकडे बघत ‘बरं अण्णा’ म्हणाली.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे कॉम्प्युटर देवघरातच राहील. फक्त हर्षलला एक तारखेपासून बोलावलं आहे. आधी त्या चार दिवसांपुरता, मग हात बसला की पूर्ण. हिशोब एकाच हाताखाली असलेला बरा. आरतीलाही घरात थोडी उसंत मिळेल.

काल संध्याकाळच्या आमटीत मीठ नव्हतं. आज सकाळच्या भाजीतही नव्हतं. पण स्वयंपाक लंकाचा होता, त्यामुळे त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

श्रीमंत


नागापूर,
२४ फेब्रुवारी

आदरणीय सर,

मी आरती. हे पत्र अण्णांना न सांगता लिहिते आहे. सूर्यभानदादांना सांगितलं आहे की पाकीट तुमच्याच हातात द्या.

सर, रिचार्ज नाही. आमच्याकडे नेट वायरचं आहे आणि त्याचं बिल वर्षाचं एकदम भरलेलं आहे. मीच भरलं.

मला महिन्याची पाळी येते. ते चार दिवस मी देवघरात जात नाही. आमच्या घरात बाकी काही पाळत नाहीत. मी स्वयंपाक करते, पाणी भरते, सगळ्यांना वाढते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तर म्हणतात, बाहेर बसायचं आमच्याबरोबर संपलं. फक्त देवघर तेवढं राहिलं आहे, आणि त्याच देवघरात आता माझं टेबल आहे.

कॉम्प्युटर तिथून हलवा, असं मी दोनदा म्हणाले. अण्णा म्हणाले, लक्ष्मी हलवायची नसते. का हलवायचा, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण सासऱ्यांपुढे तो शब्द मी कसा काढू आणि ते तरी कसा काढतील? म्हणून मी क्लाउडचा विषय काढला. वाटलं, हा शब्द घरात कुणालाच अडचणीचा नाही. माझ्या खोलीत लॅपटॉपवर बसून रिटर्न भरता आलं असतं आणि कुणाला काही बोलावं लागलं नसतं.

तुम्ही पानावर केलेल्या लाल खुणा अण्णांनी जेवताना सगळ्यांना दाखवल्या. राम होते, आत्याबाई होत्या. माझ्या वर्षभराच्या तारखा आमटीच्या पातेल्याशेजारी पडल्या होत्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुमचा राग नाही, तुम्हाला माहीत नव्हतं.

पण सर, हे काम माझं आहे. लग्न होऊन आले तेव्हा इथे बिलं पत्र्याच्या डब्यात होती. वर्कशॉपची एक-एक नोंद मी उभी केली. फॅक्टरीचे साहेब फोन करतात तेव्हा ‘मॅडमना द्या’ म्हणतात. या घरात मला सून म्हणून मान आहेच, पण मॅडम मी फक्त त्या खुर्चीत असते. ती हर्षलभाऊंना दिली तर परत मिळणार नाही. मला ती सोडायची नाही.

तुमची विद्यार्थिनी,
आरती


सुपा,
२६ फेब्रुवारी

चि. आरती,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नंतर गोजरला वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘मला तुमचा कागद बघूनच कळलं होतं.’ मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. तर म्हणाली, तुम्हीच म्हणालात मला कळायचं नाही. त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ‘रिचार्ज’ असं दोनदा ऐकू आलं. कानाचं मशीन नेमकं तेव्हा उत्तम चालत होतं.

तुझा कागद असा ताटांमध्ये फिरला याचं मला फार वाईट वाटतं. माझं मत मी बदलतो आहे. श्रीमंतला उद्याच लिहितो. तुझं नाव किंवा तुझं पत्र त्यात येणार नाही.

सर


सुपा,
२७ फेब्रुवारी

प्रिय श्रीमंत,

मागच्या पत्रातलं माझं मत रद्द समज.

अधिक विचार केल्यावर असं दिसतं की सॉफ्टवेअर निवडताना ते कुठे ठेवायचं हे दुय्यम आहे. ते वापरणाऱ्या व्यक्तीला महिन्याचे सगळे दिवस त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, हे मुख्य. सगळे दिवस, श्रीमंत. आलं ना लक्षात?

यावर दोन उपाय आहेत. एक, कॉम्प्युटर देवघरातच ठेव, पण तिथून एक वायर आरतीच्या खोलीत ओढ आणि तिथे दुसरा कॉम्प्युटर लाव. हिशोब घरातल्या घरातच राहील, तुला हवा तसा. दुसरा उपाय क्लाउडचा. त्यात काहीच ओढावं लागत नाही. तुला भाडं खुपत असेल तर वायर ओढ.

हर्षल हा उपाय नाही. ज्याला अडचण नाही असा माणूस आणणं आणि अडचण दूर करणं, यात फरक आहे.

वैजनाथ


नागापूर,
३ मार्च

प्रिय वैजनाथ,

तुझ्या पत्राचा रोख कळला. कुणी सांगितलं ते विचारत नाही.

वायरचं मलाही पटलं होतं. पण मनात शंका नको म्हणून आदिनाथगुरुजींना विचारून आलो. वायरचं एक टोक देवघरात आणि दुसरं टोक अशा वेळी हातात, तर ते शिवल्यासारखं होतं का? गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि म्हणाले की वायरबद्दल त्यांच्या वाचनात काही आलेलं नाही. दोरीबद्दल आलेलं आहे, आणि दोरीचं उत्तर चांगलं नाही. वाय-फायचं विचारायचं मला सुचलं नाही आणि परत जायचा धीर झाला नाही.

राहिला क्लाउड. कंपनीच्या माणसाला मी फोनवर विचारलं, तुमची मशीनं असतात ती खोली कशी आहे? तो म्हणाला, एकदम स्वच्छ, थंड, आत जायला परवानगी लागते, पायात वेगळे मोजे घालतात. मला बरं वाटलं. पण तिथे कोण जातं-येतं, काही पाळतात का, हे त्याला सांगता आलं नाही. तुला माहिती असेल तर कळव. आपला हिशोब इतके दिवस देवाशेजारी बसला आहे, तो कुठे जाऊन बसणार हे बघायला नको?

हर्षल परवापासून येतो. मुलगा शांत आहे. एका बोटानं टाईप करतो.

श्रीमंत


सुपा,
५ मार्च

प्रिय श्रीमंत,

विचारलंस म्हणून सांगतो. माझी एक विद्यार्थिनी पुण्याला अशाच मशीनच्या खोलीत कामाला आहे. तिला विचारलं. तिथे बायका कामाला आहेत, बऱ्याच आहेत, आणि त्या महिनाभर आत जातात. त्यांना दारात कुणी काही विचारत नाही. तुझ्या बँकेचा हिशोब, तुझ्या गॅसचा नंबर, तुझा सात-बारा, सगळं अशाच खोल्यांमधून येतं. तू ते कागद कपाळाला लावून घेतोस, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता तुला काय करायचं ते कर. मी मत दिलं आहे. मात्र आरतीला त्या खुर्चीवरून उठवलंस तर मला वाईट वाटेल, आणि तसं मी तुला तोंडावर सांगेन. कानाचं मशीन काढून ठेवीन, म्हणजे तुझं उत्तर ऐकू यायचं नाही.

वैजनाथ


नागापूर,
१६ मार्च

वैजनाथभाऊजींना लंकाचा नमस्कार.

माजं अक्षर चौथीचं हाय, समजून घ्या. ह्यांनी तुमाला पत्र लिहायचं बंद केलं म्हनून मीच लिहिते. काय झालं ते तुमाला कळाया पायजे, कारन तुमचं नाव घेऊनच हे सुरू झालं.

धा तारखेला आरतीला अडचन आली. हर्षल आत बसला आन आरती उंबऱ्याच्या भायेर पाटावर. पडदा देवाकडं तोंड करून, तिला दिसायची निस्ती मशीनची पाठ. ती भायेरनं नंबर सांगायची, हा आतून बोट मारायचा. ती म्हनायची, भाऊ, एकदा वाचून दाखवा. हा म्हनायचा, टाकलं वहिनी. दोन दिवस असं चाललं. मी ज्वारी निवडत बसले हुते, समदं बघत हुते.

अकरा तारखेला रिटन गेलं. येळेवर गेलं म्हनून ह्यांनी पेढं आनलं. तीन दिसांनी सुप्यावरनं फोन आला. त्यांची समदी बिलं हर्षलनं दुसऱ्याच कंपनीच्या नंबरावर चढवली हुती. सायेब लई तापलं हुतं. म्हनलं, मॅडम कुठं हायेत? तवर आरतीचे चार दिस सरलेले. ती न्हाऊन आत बसली ती संध्याकाळपत्तुर उठली न्हाई. निस्तरलं तिनं समदं. सायबानं एवढी एक येळ सोडून दिलं.

भाऊजी, मला एक सांगायचं हाय. हे घर बांधलं तवा भिताडांना पानी मी मारलं. पहाटं उठून हांडं वाहिलं. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळीच मला अडचन आली. पाव्हणं आलेलं, तारीख ठरलेली. मला शेजारच्या ओट्यावर बसवलं आन पूजेत ह्यांच्या शेजारी माज्या जागी सुपारी ठेवली. चालतं म्हनं तसं. बायकू नसली की सुपारी. ओट्यावरनं मला मंत्र आयकू येत हुतं. मला लई रडू आलं हुतं, पन पाव्हण्यांत कुनाला दिसू दिलं न्हाई. आज वीस-बावीस वर्सं झाली, ह्यांना सुदिक बोलले न्हाई.

आरती पाटावर बसून नंबर सांगत हुती तवा मला ती सुपारीच दिसली. हर्षल पोरगं वाईट न्हाई. पन ते सुपारीच हाय.

मग काल मी न्हाले आन देव परातीत घेतले. समदे घेतले, टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. सूर्यभानाला म्हनलं, टेम्पो काढ. वर्कशापात जाऊन ह्यांच्या केबिनीत, जिथं आदी कंपुटर हुता, त्या फळीवर मांडले. हे खुर्चीत बसलेलं. म्हनलं, काय गं हे? मी म्हनलं, ‘मशीन हलवायची न्हाई म्हनता, तर देव हलवलं. देवाला धुळीनं काय हुत न्हाई. रोज येऊन मी पुसीन.’

हे म्हनलं, असं कुनी करतं व्हय? मी म्हनलं, ‘मी करते. फर्मच्या पाटीवर नाव कुनाचं हाय? लंका इंडस्ट्रीज. तुमी सवलत मिळती म्हनून माजं नाव लावलं, पन लावलं नव्हं? रिटन भरताना सरकारचा नंबर माज्याच मोबाइलवर येतो. ह्याच्या म्होरं तो नंबर मी फकस्त आरतीला सांगनार. आन ती आत खुर्चीत बसली आसंल तरच.’

ह्यांनी देवाला नमस्कार केला आन भट्टीकडं निघून गेलं.

तुमच्या रिचारजचं मी घराभायेर कुनाला सांगितलं न्हाई. गोजरबाईंचा फोन आला हुता, त्यांनीच विषय काढला. लई हसलो आमी.

लंका


नागापूर,
१० एप्रिल

प्रिय वैजनाथ,

बरेच दिवस लिहिलं नाही. निर्णय कळवायचा राहिला होता. कॉम्प्युटर घरातच राहिला आहे, म्हणजे लोकल. क्लाउडचं पुढच्या वर्षी बघू. आरती म्हणते तिला आता घाई नाही.

देव केबिनमध्ये आहेत, देव्हाराही तिथेच नेला. लंका रोज अकराच्या टेम्पोनं येते, पूजा करते आणि मग तासभर कामगारांना काय काय चुकतं आहे ते सांगते. मी केबिनमध्ये चप्पल काढून बसतो. सुप्याचे साहेब परवा आले, त्यांनीही बूट काढले. मोज्यांवर बसलेला माणूस जास्त ताणत नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे. नव्या वर्षाचं काम त्यांनी आपल्यालाच दिलं. हर्षलला पॅकिंगवर घेतला. त्याचं पॅकिंग फार व्यवस्थित आहे.

लंकानं तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही, तिनंही सांगितलं नाही. पण एक दिवस तिनं मला त्या सुपारीचं सांगितलं. मी विसरून गेलो होतो, वैजनाथ. मला वास्तुशांतीचं जेवण आठवत होतं, मांडव आठवत होता, ती कुठे बसली होती ते आठवत नव्हतं. दोन दिवस मला भट्टीपाशीही उभं राहवेना.

या महिन्याचं रिटर्न काल, नऊ तारखेला गेलं. सकाळी मी पेपर वाचत होतो, तेव्हा लंकानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आरतीला पाळी आली आहे, आज दुसरा दिवस आहे आणि ती रिटर्न भरायला आत बसली आहे. तिला चहा नेऊन द्या. राम घरात नव्हता. मी कप घेऊन गेलो. आंघोळ झाली नव्हती म्हणून सवयीनं उंबऱ्यावर थांबलो. खोली रिकामी दिसत होती. भिंतीवर देव्हाऱ्याचा पांढरा चौकोन राहिला आहे, तिथे तिनं कॅलेंडर लावलं आहे.

आरतीनं मान वर केली आणि म्हणाली, ‘अण्णा, आत या ना.’

मी आत गेलो आणि कप तिच्या हातात दिला.

तुझा
श्रीमंत